मीटर-वाचन, स्वयंचलित बिनतारी

घरगुती वापराची वीज, पाणी किंवा इंधनवायू यांचे मापन करणाऱ्या मीटरवरील आकडा, त्या जागी प्रत्यक्ष न जाता, रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दूरच्या ठिकाणी आपोआप नोंदविण्याच्या पद्धतीस स्वयंचलित बिनतारी मीटर-वाचन असे म्हणतात. ही दूरमापनाची एक शाखा होय. मीटर स्वतः मोजण्याचे काम करतो. त्याने मोजलेला आकडा वाचणे, नोंदविणे व त्यावरून देयक (बिल) तयार करणे ही कामे त्याहून निराळी आहेत. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रकारच्या कामाचा इतिहास, त्याचे तांत्रिक स्वरूप आणि महाराष्ट्रातील, विशेषतः गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसासारख्या आडवळणाच्या गावांच्या संदर्भात, त्याचे महत्त्व यांचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये दिव्यांसाठी कोळशाचा वायू नळांतून पुरविला जाऊ लागला, तेव्हा मीटर नव्हते. दिव्यांची संख्या व ते जळण्याचे ठरीव तास यांवरून आकारणी होई. ठरलेल्या वेळेनंतर दिवा चालू ठेवणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी कंपन्यांना माणसे नेमावी लागत. सॅम्युएल क्लेग यांनी १८१५ मध्ये वायुमीटराचे एकस्व (पेटंट) घेतले आणि वेळेऐवजी प्रत्यक्ष वापर मोजण्याचा मार्ग मोकळा झाला. विजेच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. अमेरिकेत सॅम्युएल गार्डिनर यांनी १८७२ मध्ये तयार केलेले उपकरण दिवा किती वेळ जळला एवढेच सांगत असे. टॉमस एडिसन यांचा मीटर रासायनिक होता. त्यात झिंक सल्फेटाच्या विद्रावात जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या असत. वीज जितकी वापरली जाईल त्या प्रमाणात एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जाऊन बसे. कंपनीचा माणूस दरमहा या पट्ट्या काढून नेई, त्यांचे वजन केले जाई व वजनातील फरकावरून देयक ठरे. ग्राहकाला आपल्या घरातील मीटरकडे पाहून आपला वापर समजण्याची सोय या पद्धतीत नव्हती. कंपनीच्या तराजूवर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते आणि या मीटराविषयी ग्राहकांची नाराजी असण्याचे हे एक मोठे कारण होते.

गालिलेओ फेर्रारीस यांनी १८८५ मध्ये परिभ्रमी चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व दाखवून दिले. त्याच्या आधारे ऑलिव्हर शॅलेनबर्गर (१८८८) व हंगेरीतील ओटो ब्लाथी (१८८९) यांनी प्रत्यावर्ती प्रवाहासाठी प्रवर्तन मीटर तयार केले. फिरणारी तबकडी व तिला दंतचक्रांनी जोडलेली आकड्यांची पट्टी असलेला हा मीटर पुढे जवळजवळ शंभर वर्षे घरोघर राहिला. त्याचा एक मोठा गुण म्हणजे त्यावरील आकडा कोणालाही वाचता येत असे.

भारतातील मीटर-वाचन : मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर वायूचे दिवे लागले, १९०५ पासून बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने विजेचा पुरवठा सुरू केला. भारतीय विद्युत् अधिनियम १९१० मध्ये, निराळा करार नसल्यास, ग्राहकाने वापरलेली वीज अचूक मीटराच्या साहाय्यानेच निश्चित करावी अशी तरतूद करण्यात आली. मीटराविषयी वाद उद्भवल्यास विद्युत् निरीक्षकाकडे दाद मागण्याची व्यवस्थाही त्यात होती. म्हणजे मीटर हा केवळ कंपनीच्या सोयीसाठी नसून तो दोन पक्षांमधील पुरावा आहे, हे तत्त्व कायद्याने प्रारंभीच मान्य केले होते.

प्रत्यक्ष व्यवहारात हा पुरावा मीटर-वाचकाच्या (मीटर रीडरच्या) हातून तयार होई. तो महिन्या-दोन महिन्यांनी घरी येई, आकडा पाही व वहीत उतरवून घेई. अनेक ठिकाणी मीटराजवळ ठेवलेल्या पत्रकावरही तो तोच आकडा लिहून ठेवी. चालू आकड्यातून मागील आकडा वजा केला म्हणजे वापर निघे आणि हा हिशोब घरातील शाळकरी मुलालाही पडताळता येई. या पद्धतीतील दोष मात्र उघड होते. घराला कुलूप असणे, मीटर अडचणीच्या जागी असणे, आकडा चुकीचा वाचणे किंवा उतरविताना चुकणे, मीटराशी संगनमताने केलेली फेरफार आणि वाचक न जाताच अंदाजाने आकडा लिहिणे हे प्रकार सर्वत्र आढळत. वाचन झाले नाही, तर मागील वापरावरून सरासरी देयक दिले जाई.

सरासरी देयकामुळे होणारा घोळ एका साध्या उदाहरणावरून लक्षात येईल. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढत जातात. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी दर व १०१ ते ३०० युनिटांना त्याहून जास्त दर अशी रचना प्रचलित झाली. एखाद्या कुटुंबाचा दरमहा वापर ९० युनिट असेल, तर तीन महिन्यांचे २७० युनिट होतात. हे वाचन तीन महिन्यांनी एकदाच झाले व तो आकडा एकाच महिन्याचा धरला, तर १७० युनिटांना वरचा दर लागेल. तो तीन महिन्यांत योग्य रीतीने विभागला, तर एकाही युनिटाला वरचा दर लागणार नाही. वाचन वेळेवर होणे ही बाब म्हणूनच गरीब कुटुंबाच्या दृष्टीने केवळ तांत्रिक स्वरूपाची राहत नाही.

दूरवाचनाचे प्रयोग : वाचकाची फेरी टाळावी या कल्पनेतून १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत दूरध्वनीच्या तारांमधून मीटरांचे आकडे मिळविण्याचे प्रयोग झाले. मूळचे ग्रीक असलेले संशोधक थिओडोर पॅरास्केवाकोस यांनी १९७० नंतरच्या दशकात दूरध्वनी तारांवरून संवेदकांची माहिती आपोआप पाठविण्याची पद्धती विकसित केली व १९७७ मध्ये मीटर-वाचनासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. प्रत्येक घरी दूरध्वनी असतोच असे नाही आणि पाण्याच्या मीटरापर्यंत तार नेणे खर्चाचे असते, ही या पद्धतीची मर्यादा होती. रेडिओमुळे ती दूर झाली. १९८५ च्या सुमारास अमेरिकेतील हॅकेनसॅक ही पाणीपुरवठा कंपनी व इक्विटेबल ही वायुपुरवठा कंपनी यांनी आपल्या सर्व ग्राहकांसाठी स्वयंचलित वाचनाचा निर्णय घेतला. १९८६ मध्ये मिनेगॅस्को या वायुकंपनीने सुमारे साडेचार लक्ष मीटरांसाठी रेडिओ पद्धती हाती घेतली. सर्वत्र रेडिओचाच अवलंब झाला असे मात्र नाही. इटलीतील एनेल या वीजकंपनीने २००१ नंतर सुमारे तीन कोटी मीटर बसविले, त्यांचे आकडे मुख्यतः विजेच्या तारांमधूनच जवळच्या रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) आणले जात.

कार्यपद्धती : या यंत्रणेचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात यांत्रिक गती विद्युत् स्पंदात रूपांतरित होते. पाण्याच्या मीटरात फिरणाऱ्या चक्रावर लहान चुंबक बसवून प्रत्येक फेऱ्याला एक स्पंद मिळवितात. इलेक्ट्रॉनीय वीजमीटरात आकडा मुळातच अंकीय स्वरूपात असतो. दुसरा भाग म्हणजे लहानसा रेडिओ प्रेषक. तो मीटराचा ओळख-क्रमांक व आकडा सांकेतिक रूपात प्रसारित करतो. वीजमीटराला लागणारी शक्ती त्याच्याच तारांतून मिळते. पाण्याच्या मीटराला मात्र विद्युत् घटावर अवलंबून राहावे लागते व तो घट अनेक वर्षे टिकावा म्हणून प्रेषक बहुतेक काळ निद्रिस्त ठेवतात. काही प्रकारांत तो ठरावीक अंतराने स्वतःहून क्षणभर जागा होतो, तर काहींत वाचकाच्या उपकरणाने साद घातल्यावरच उत्तर देतो. तिसरा भाग ग्राहीचा. प्रारंभी वाचक हातातील ग्राही घेऊन गल्लीतून चालत जाई व घरात न शिरता आकडे मिळवी; पुढे हेच काम वाहनातून होऊ लागले. त्यानंतर खांबांवर स्थिर ग्राही बसविण्यात आले व वाचकाची फेरी पूर्णपणे थांबली.

भारतात अशा अल्पशक्ती उपकरणांसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा कंप्रतापट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. या पट्ट्यात मीटरांचे जाळे विणता येते. त्यात प्रत्येक मीटर शेजारच्या मीटराचा निरोप पुढे पोहोचवितो व अशा रीतीने आकडा एका संग्राहकापर्यंत जातो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक मीटरात भ्रमणध्वनीचे (मोबाइलचे) सिमकार्ड असते व तो थेट मनोऱ्याशी संपर्क साधतो. दाट वस्तीत पहिली पद्धती सोयीची पडते. विरळ वस्तीत मीटरामीटरांमधील अंतर वाढल्याने निरोपाची साखळी तुटते. टेकड्या, जाड भिंती व पावसाळ्यात पाण्याने भिजलेली दाट झाडी यांमुळेही रेडिओ तरंग क्षीण होतात.

सुरुवातीच्या पद्धतीत माहिती मीटराकडून कार्यालयाकडे अशी एकाच दिशेने जात असे. दोन्ही दिशांनी संदेशवहन शक्य झाल्यावर मीटराचे स्वरूपच पालटले. आकडा दर १५ किंवा ३० मिनिटांनी नोंदविणे, दिवसाच्या वेळेनुसार निराळा दर लावणे, आधी पैसे भरून वीज घेणे व दुरूनच पुरवठा तोडणे वा जोडणे ही कामे तो करू लागला. अशा मीटरास ‘स्मार्ट मीटर’ हे नाव रूढ झाले. भारतीय मानक संस्थेने त्यासाठी २०१५ मध्ये मानक (भा. मा. १६४४४) प्रसिद्ध केले.

महाराष्ट्रातील वाटचाल : राज्यातील या पद्धतीचे एक उल्लेखनीय उदाहरण पाण्याच्या क्षेत्रातील आहे. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या मलकापूर या लहान नगरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या तांत्रिक साहाय्याने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना कार्यान्वित झाली. घरोघर रेडिओद्वारे वाचता येणारे मीटर बसविण्यात आले आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी आकारणी ठरविण्यात आली. नळाला पाणी सतत असूनही ते बेसुमार वापरले जात नाही, असा अनुभव तेथे आला. येथे ग्राहकाला मीटराच्या मोबदल्यात चोवीस तास पाणी ही उघड दिसणारी गोष्ट मिळाली होती, ही बाब लक्षणीय आहे. पुणे महानगरपालिकेनेही २०१८ नंतर समान पाणीपुरवठा योजनेत स्वयंचलित वाचनाचे मीटर बसविण्यास प्रारंभ केला.

विजेच्या बाबतीत महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाचे (स्थापना १९६०) २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. वाचनावरील अविश्वास दूर करण्यासाठी या कंपनीने मीटराचे छायाचित्र घेऊन ते देयकावर छापण्याची पद्धती अवलंबिली. २०१६ पासून वाचनासाठी भ्रमणध्वनीवरील ॲपचा उपयोग सुरू झाला. दरम्यान अवरक्त किरण व रेडिओ यांद्वारे वाचता येणारे मीटरही काही भागांत बसविण्यात आले. छायाचित्रामुळे वाचक खरोखर मीटरापर्यंत गेला होता, याची खातरजमा ग्राहकाला प्रथमच घरबसल्या करता आली.

वाचकाच्या फेरीचे महत्त्व २०२० मध्ये सर्व राज्याला एकदम जाणवले. करोनाच्या साथीमुळे मार्चअखेरीस मीटर-वाचन थांबविण्यात आले व हिवाळ्यातील वापराच्या सरासरीवर देयके देण्यात आली. प्रत्यक्षात ते उन्हाळ्याचे दिवस होते व माणसे दिवसभर घरातच होती. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू होताच साचलेल्या फरकासह आलेल्या देयकांनी मोठा असंतोष निर्माण झाला. पुढे हप्त्यांची सवलत द्यावी लागली व टप्प्यांच्या दराचा लाभ महिनावार कसा विभागला आहे याची फोड करून सांगावी लागली. स्वयंचलित वाचन असते, तर हा प्रसंग बव्हंशी टळला असता.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे देण्यात आली. हे मीटर आगाऊ पैसे भरण्याचे असणार, या कल्पनेस ग्राहक संघटना, कामगार संघटना व राजकीय पक्ष यांच्याकडून तीव्र विरोध झाला. पैसे संपताच अंधार होईल, देयक वाढेल आणि वाचकांचा रोजगार जाईल, असे प्रमुख आक्षेप होते. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांकडे हे मीटर बसविले जाणार नाहीत, अशी घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केली. त्यानंतर वापरानंतर देयक देण्याची पूर्वीची रीत कायम ठेवून ‘टीओडी मीटर’ (दिवसाच्या वेळेनुसार दर आकारणारा मीटर) या नावाने त्यांची उभारणी सुरू झाली. १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर दरात सवलत लागू झाली. सौरऊर्जेची वीज दिवसा मुबलक असते, हे या सवलतीचे कारण होय.

बोदलकसाचा संदर्भ : गोंदिया जिल्ह्यातील (स्थापना १९९९) तिरोडा तालुक्यात, टेकड्या व वने यांच्या परिसरात बोदलकसा हे गाव असून ते ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या सिंचन तलावासाठी प्रसिद्ध आहे. विदर्भाच्या या पूर्व भागात तलावाच्या पाण्याची परंपरा जुनी आहे. परंतु धानाच्या बांध्यांना मिळणारे पाणी मीटराने मोजण्याची रीत नव्हती. पाणीपट्टी भिजलेल्या क्षेत्रावरून व पिकावरून ठरे. कोणाचे किती क्षेत्र भिजले, हे बांधावर उभे राहून साऱ्या गावाला दिसत असे. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले, तरी तेथेही मोजणी कालव्याच्या मुखाशी व संस्थेच्या नावे होते. प्रत्येक शेताच्या बांधावर होत नाही. याउलट घरातील विजेचा हिशोब घरागणिक असतो आणि तारेतून किती वीज आली हे शेजाऱ्याला दिसत नाही, खुद्द घरच्यांनाही दिसत नाही. मीटरावरील आकडा हीच तिची एकमेव दृश्य खूण होय.

याच तालुक्यात तिरोडा येथे २०१२ ते २०१४ या काळात ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र टप्प्याटप्प्याने उभे राहिले. निर्मितीच्या टोकाला मापन अत्यंत काटेकोर व सतत चालणारे असते. वितरणाच्या दुसऱ्या टोकाला, वनालगतच्या गावांत, मात्र ते महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाच्या नजरेवर दीर्घकाळ अवलंबून राहिले. अशा गावांत घरे थोडी व वस्त्या पांगलेल्या असल्याने प्रत्येक वाचनामागे वितरण कंपनीला पडणारा खर्च शहरापेक्षा अधिक असतो आणि फेरी चुकण्याचा संभवही अधिक असतो. या दृष्टीने बिनतारी वाचनाची गरज येथेच सर्वाधिक आहे. तथापि विरळ वस्ती, चढउतार व झाडी यांमुळे रेडिओ संपर्काची अडचणही येथेच सर्वाधिक आहे. संपर्क तुटला, तर मीटर मोजत राहतो व आकडा स्वतःच्या स्मृतीत जपून ठेवतो, परंतु देयक पुन्हा सरासरीवर जाण्याचा धोका उरतोच.

विश्वासाचा प्रश्न व कायद्याची तरतूद : स्वयंचलित वाचनाने माणसाच्या डोळ्याची व हाताची चूक जवळजवळ नाहीशी होते, हे निर्विवाद आहे. मात्र त्याबरोबर उंबरठ्यावरचा साक्षीदारही नाहीसा होतो. वाचक चुकला, तर ग्राहक त्याला तेथेच थांबवून पुन्हा पाहावयास सांगू शकत असे. दूरच्या संगणकावरील नोंदीला असे थांबविता येत नाही. शिवाय दर अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात याचा अंदाज बांधता येतो. याच कारणास्तव नेदर्लंड्‌सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये अशा मीटरांची सक्ती नाकारली व नंतर ग्राहकाला नकाराचा हक्क देऊन ती योजना पुढे नेण्यात आली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आहे.

विद्युत् (ग्राहकांचे हक्क) नियम २०२० अन्वये स्मार्ट मीटराचे वाचन महिन्यातून (२०२३ च्या दुरुस्तीनंतर दिवसातून) किमान एकदा व्हावे आणि ती माहिती ग्राहकाला उपलब्ध असावी, असे ठरविण्यात आले. वाचन न झाल्यास एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती देयके देण्यासही त्यांत मनाई आहे. या नियमांत २०२४ मध्ये झालेली दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष वापराशी मीटरवरील आकडा जुळत नाही अशी तक्रार आल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर जोडावा व किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत, असे तीत म्हटले आहे. १९१० च्या अधिनियमातील तत्त्वच येथे नव्या रूपात आढळते.

या नियमांचा लाभ ग्राहकाने आकडा वाचून संशय व्यक्त केल्यावरच मिळू शकतो. भ्रमणध्वनीवर आपला दैनंदिन वापर पाहणे ज्याला शक्य आहे, त्याला ही पद्धती जुन्या वहीपेक्षा अधिक माहिती देते. ज्याच्याकडे तसे साधन नाही किंवा ज्याच्या गावात संपर्क क्षीण आहे, त्याच्यासाठी मीटरावरील पडद्यावर दिसणारा आकडा व तो टिपून ठेवण्याची सवय हाच आधार राहतो. आकडा रेडिओने गेला, तरी तो ज्याच्या घरचा आहे त्याला प्रथम वाचता आला पाहिजे. एडिसन यांच्या जस्ताच्या पट्ट्यांपासून आजच्या प्रेषकांपर्यंतच्या वाटचालीत मीटरावरील लोकांचा विश्वास प्रामुख्याने याच एका गोष्टीवर अवलंबून राहिलेला दिसतो.